सरकत्या जिन्यावर लहान मूल: लाल बटण कुठं असतं ते आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

गेल्या रविवारचा प्रसंग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

नणंदेच्या बाळाचं बारसं तोंडावर आलंय. त्याच्या खरेदीसाठी आम्ही चौघं शहरातल्या एका मॉलमध्ये गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई आणि आमची चार वर्षांची चिमी. पावसाचे दिवस, त्यामुळं चिमीच्या पायात ते भोकाभोकांचे मऊ रबरी क्लॉग. सध्या अर्ध्या कोल्हापुरातल्या पोरांच्या पायात तेच असतात. चिखल लागला की नळाखाली धरायचे, झालं.

सरकत्या जिन्यानं वर निघालो होतो. माझ्या एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात चिमीचा हात. सासूबाई खाली पहिल्या पायरीपाशी बिचकल्या, म्हणून मी मान वळवून "या, या, धरा पट्टा" म्हणत होते. तेवढ्यात चिमी कडेला सरकली. वर पोचायला चार-पाच पायऱ्या राहिल्या असतील. ती म्हणाली, "आई, बूट निघंना झालाय."

तिला बूट काढायचा-घालायचा चाळा आहे. मला वाटलं, तेच चाललंय. खाली बघितलं तर क्लॉगचं नाक पायरी आणि कडेचा पत्रा यांच्यामधल्या फटीत गेलेलं. उसाचं टोक चरकात धरलं की पुढचं आपोआप ओढलं जातं, अगदी तसं ते आत जात होतं. मी पिशव्या टाकल्या, तिच्या काखेत हात घालून वर उचललं. पाय सुटला, क्लॉग तिथंच राहिला. वरच्या टोकाला कट्ट असा आवाज झाला आणि क्लॉगचा पुढचा भाग कुरतडल्यासारखा होऊन बाहेर आला. चिमीच्या अंगठ्यावर फक्त एक लाल ओरखडा.

नवरा ओरडत होता, "बंद करा, बंद करा!" गार्ड बिचारा मेन स्विचकडं पळाला. जिना बंद करायचं बटण तिथंच, खालच्या आणि वरच्या टोकाला, हातानं धरायच्या सरकत्या पट्ट्याच्या बुडाशी होतं. लाल, पेढ्याएवढं. खालच्या बटणापुढं ऑफरचा पुठ्ठ्याचा बोर्ड उभा केलेला होता. हे मला सगळं निवांत झाल्यावर दिसलं. त्याच जिन्यावरून मी आजवर पन्नास वेळा तरी गेले असेन.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय का? आणि जाणकारांनी सांगा, असं होतं तरी कसं? तिचा पाय इंचभर पुढं असता तर, या विचारानं रात्री जाग येते.

दसरा_चौक

बापरे. पोरगी सुखरूप आहे हे महत्त्वाचं. तुम्ही बुटाकडं न बघता आधी तिला उचललंत, ते फार चांगलं केलंत.

लिफ्टवाला_उचगाव

ताई, अंबाबाईची कृपा म्हणायची. मी लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायरी सरकते आणि कडेचा पत्रा जागचा हलत नाही. या पत्र्याला आम्ही स्कर्ट म्हणतो. दोघांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर पायरी पत्र्याला घासेल. युरोपीय मानकाप्रमाणं ही फट एका बाजूला जास्तीत जास्त ४ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंची मिळून ७ मिलिमीटर चालते. चामड्याच्या कडक बुटाला ४ मिलिमीटरमध्ये शिरता येत नाही. मऊ रबर शिरतं. पोरगं पाय कडेला टेकवून उभं राहिलं की रबर पत्र्याला चिकटतं. तळ पायरीबरोबर पुढं निघतो आणि बाजू पत्र्यापाशी अडकते. मग रबर पिळवटत फटीत जातं. पायाचं वजन वरून आहेच, त्यामुळं ते अजून दाबलं जातं.

शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर धोका का वाढतो, तर तिथं पायऱ्या सपाट व्हायला लागतात. दोन पायऱ्यांमधली उंची मिटत जाते आणि त्या मधल्या सांध्यातही वस्तू दाबली जाते. त्याच्या पुढं कंगवा. म्हणजे जिथं जिना जमिनीत शिरतो तिथली पिवळ्या दातांची पट्टी. पायरीवरच्या खाचांमधून हे दात फिरतात. बुटाची नाडी, परकराचा काठ, खाली बसलेल्या पोराची बोटं, सगळं तिथं येऊन पोचतं.

आणखी एक सांगतो. बऱ्याच जिन्यांना दोन्ही कडांना ब्रश असतात. लोक त्यावर बूट पुसतात, पोरांनाही पुसायला शिकवतात. ते ब्रश बूट पुसायला बसवलेले नाहीत. ब्रश पायाला लागला की माणूस आपोआप पाय आत घेतो, एवढ्यासाठी ते आहेत. त्यावर बूट घासायचा म्हणजे नको तिथंच पाय न्यायचा. ताई, तुमच्या त्या जिन्याला ब्रश होते का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नव्हते, दादा. तुम्ही विचारल्यावर नवऱ्यानं त्या दिवशीचे फोटो उघडून बघितले. नुसता पत्रा आहे.

वाचत_असतो

या क्लॉगचा विषय जुना आहे. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं २००८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जानेवारी २००६ पासून पाय अडकल्याच्या ७७ घटना त्यांच्याकडं आल्या होत्या आणि त्यातल्या दोन सोडून बाकी सगळ्यांत मऊ, लवचिक क्लॉग किंवा तसल्याच सपाता होत्या. साधारण निम्म्या घटनांमध्ये इजा झाली होती. जपानमध्येही त्याच वर्षी सरकारनं हा प्रश्न हाती घेतला होता.

तिकडच्याच एका वैद्यकीय अभ्यासात १९९० ते २००२ या काळात सरकत्या जिन्यावर दुखापत होऊन अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेल्या मुलांची संख्या सुमारे २६ हजार धरली होती. त्यात पाच वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त. अडकण्यापेक्षाही पडण्याचं प्रमाण मोठं होतं, हेही ध्यानात ठेवा. आपण सगळे आता बुटांवरच बोलत राहू, म्हणून सांगितलं.

दसरा_चौक

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. असं वाचून आईबाप पोरांना जिन्याजवळ फिरकूच देणार नाहीत. आपल्याकडं सरकते जिने मोजकेच, त्यामुळं पोरांना ती जत्रेतली पाळण्याची मजा वाटते. मुंबईतली पोरं रेल्वे स्टेशनावर रोज त्यावरून जातात, त्यांना त्याचं अप्रूप नसतं. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. मी त्याला मुद्दाम घेऊन जातो. सकाळी दुकानं उघडतात तेव्हा, गर्दी नसताना. पायरीवर पाय ठेवताना दोघं मिळून "एक, दोन, तीन" म्हणायचं, वर पोचलो की पाय उचलून पुढं टाकायचा, घासत न्यायचा नाही. चार खेपा झाल्या की त्यालाच कंटाळा येतो. सवय झाली की धोका कमी होतो, असं मला मनापासून वाटतं.

सिस्टर_शाहूपुरी

दसरा चौक, शिकवावं हे बरोबर. पण पाच वर्षांच्या मुलाचं गणित दोन-तीन वर्षांच्या मुलाला लावू नका. तीन वर्षांचं मूल उंचीला साधारण ९५ सेंटिमीटर भरतं. जिन्याचा पट्टा पायरीपासून ९० सेंटिमीटर ते एक मीटरवर असतो. म्हणजे तो त्याच्या डोक्याशी येतो. तुम्ही-आम्ही कमरेशी पट्टा धरतो, तसा आधार त्याला मिळूच शकत नाही. ते हात वर करून लटकतं, आणि लटकलं की अंग कडेला जातं. पायरीही उंच, वीस-बावीस सेंटिमीटरची. घरातला जिना पंधरा-सतराचा असतो. इतक्या लहान मुलाला कडेवर घ्यावं आणि दुसऱ्या हातानं आपण पट्टा धरावा. हात मोकळा नसेल तर लिफ्ट.

मी अपघात विभागात काम केलंय, म्हणून उपचाराचंही लिहिते. पाय किंवा बोट अडकलं तर ओढायचं नाही. ताईंच्या मुलीचा पाय बुटातून मोकळा होता म्हणून उचलता आला. पाय स्वतः अडकलेला असेल तर ओढल्यानं कातडी सोलवटून निघते. आधी जिना थांबवा, मुलाचं वजन आपल्यावर घ्या, बूट कापून सुटत असेल तर कापा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरू नका, नंतर जखम धुताना लेकराला दुप्पट त्रास होतो. देव न करो, पण बोटाचा तुकडा सुटला तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बर्फात. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही. १०८ ला फोन करा, आणि जखम छोटी दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

कागलची_आज्जी

मी सत्तरीची आहे. नातवंडांनी हे वाचायला दिलं. मला त्या जिन्याची भीती वाटते आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटते. सून म्हणते "चला की आई, काय होत नाही", म्हणून मी जाते. एका हातानं नातीला धरते, दुसऱ्या हातानं निऱ्या सावरते, मग पट्टा कशानं धरू? मागं एकदा माझा तोल गेला होता आणि मी नातीच्या अंगावर रेलले होते. वाईट झालं नाही. पण तेव्हापासून वाटतं की मी तिला सांभाळत नव्हते, तीच मला सांभाळत होती.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

आज्जी, तुमचं वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईही त्या दिवशी अशाच बिचकल्या होत्या आणि मी त्यांना बोलावत राहिले. आता आमच्या घरी ठरलंय, त्या आणि चिमी लिफ्टनं जाणार. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी कवापासनं तेच म्हणत होतो की!" खरंच म्हणत होत्या, मीच ऐकलं नव्हतं.

लिफ्टवाला_उचगाव

आज्जी, लाज कसली. लिफ्ट त्याच्यासाठीच ठेवलेली असते.

उभं कसं राहायचं ते लिहायचं राहिलं होतं. पोरगं पायरीच्या मधोमध, पिवळ्या रेघांच्या आत. चढताना पोरगं पुढं आणि तुम्ही त्याच्या मागं, एक पायरी खाली. उतरताना तुम्ही पुढं, म्हणजे तेव्हाही एक पायरी खालीच. घसरलं तर तुमच्या अंगावर येतं, जिन्यावर गडगडत नाही.

मूळ_गडहिंग्लज_सध्या_पुणे

दादा, उतरतानाचं मला पटलं नाही. माझ्याच बाबतीत झालंय. पुण्यात मेट्रोच्या भुयारी स्टेशनात मी पुढं पाय टाकला आणि साडेतीन वर्षांचा मुलगा वरच अडला. हात सुटला. मी खाली चाललोय, तो वर उभा राहून रडतोय. मी उलटा वर पळायला लागलो. दहा-बारा पायऱ्या चढलो तरी जागच्या जागीच. त्यात तो माझ्याकडं यायला पुढं वाकला. मागच्या एका काकूंनी त्याला दंडाला धरलं, नाहीतर तो डोक्यावर आला असता.

लिफ्टवाला_उचगाव

बरोबर बोललात, मी अर्धवट लिहिलं. पाय दोघांनी एकाच वेळी, एकाच पायरीवर टाकायचा. पोरगं तयार नसेल तर तुम्हीही टाकायचा नाही, बाजूला व्हायचं आणि मागच्यांना जाऊ द्यायचं. मागच्यांच्या घाईसाठी पाऊल टाकू नका. पायरीवर दोघं स्थिर झाल्यावर, हात न सोडता, तुम्ही एक पायरी खाली सरकलात तर उत्तम. जमत नसेल तर एकाच पायरीवर उभे राहा, पण त्याच्याकडं तोंड करून थोडं तिरपं.

आणि तुमच्यासारखा प्रसंग आला तर उलटं पळायचं नाही. जिना सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाली नेतो, तुम्ही दमून पडाल आणि मागच्यांनाही पाडाल. मोठ्यानं सांगायचं, "मागं सरक, तिथंच थांब." वरच्या माणसांना हाक मारायची, "पोराला धरा." खाली पोचून परत वर यायचं. हे पोराला आधीच घरी सांगून ठेवलं तर ते थांबतं. नाहीतर पहिल्यांदा ते तुमच्या मागं उडीच मारणार.

मूळ_गडहिंग्लज_सध्या_पुणे

हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता घरी सांगितलंय. मुलगा उलट मलाच विचारतो, "बाबा, तुम्ही खाली गेला तर मी कुठं थांबायचं?" रोज विचारतो, रोज सांगतो.

बाबागाडीबद्दल पण लिहा कुणीतरी. मॉलमध्ये लोक पुढची चाकं उचलून सर्रास चढवतात.

सिस्टर_शाहूपुरी

बाबागाडी जिन्यावर न्यायचीच नाही. रिकामीसुद्धा नको. वर पोचल्यावर चाक कंगव्यापाशी अडलं की गाडी थांबते आणि मागची माणसं थांबत नाहीत. बाळ पट्ट्यात बांधलेलं असतं, त्याला काढायला वेळ लागतो.

याच कारणासाठी, उतरल्यावर तिथंच उभं राहून पिशव्या मोजू नका. चार पावलं पुढं जा आणि मग काय ते बोला. रविवारी संध्याकाळी तिथं किती घोळके उभे असतात ते बघा.

न्यू_महाद्वार_रोड

मला पट्ट्याबद्दल विचारायचंय. माझा सहा वर्षांचा भाचा खाली उभा राहून पट्टा जिथं आत जातो त्या भोकाशी हात लावतो. "बघू या कुठं जातोय" म्हणतो. त्यात हात जाऊ शकतो का?

लिफ्टवाला_उचगाव

बोटं जाऊ शकतात. तिथं आत एक स्विच असतो, काही शिरलं की जिना ट्रिप होतो. पण स्विच लागेपर्यंत बोट दुखावलेलं असतं. पोराची चूक नाही, चालू यंत्र बघितलं की बघावंसं वाटणारच. त्याला लांबून दाखवा आणि सांगा की पट्टा आत फिरून वळसा घालून परत वर येतो. माझ्या पोराला मी कागदाची पट्टी चिकटवून त्याचं गोल कडं करून दाखवलं, त्याचं समाधान झालं.

दुसरं, जिन्याच्या बाहेरच्या बाजूनं पट्ट्याला लटकू देऊ नका. पट्टा पोराला वर घेऊन जातो, आणि मधे वरच्या मजल्याचा स्लॅब येतो तिथं डोकं अडकायची जागा तयार होते. म्हणूनच तिथं ते त्रिकोणी पारदर्शक फलक टांगलेले असतात. आतून जातानाही डोकं बाहेर काढू द्यायचं नाही.

आता बटणाचं, ताईंनी सुरुवातीलाच विचारलेलं. बटण दोन्ही टोकांना असतं, बहुतेक वेळा पट्ट्याच्या बुडाशी गुडघ्याच्या आसपास. लांब जिन्यांवर मधेही असतं. ते कुणीही दाबू शकतं, त्यासाठी गार्डची परवानगी लागत नाही. दाबायच्या आधी "धरा, धरा, जिना थांबतोय" असं ओरडा, कारण उभी माणसं पुढं झुकतात. दाबल्यावर जिना त्याच क्षणी थांबत नाही, २० सेंटिमीटर ते मीटरभर सरकून थांबतो. तो थोडा सरकला म्हणून बटण चाललं नाही असं समजू नका. आणि एकदा थांबवला की अडकलेलं पूर्ण सुटेपर्यंत तो परत चालू करायचा नाही. उलटाही फिरवायचा नाही. कुणीतरी शहाणपणा करून "रिव्हर्स घ्या" म्हणतंच. मेंटेनन्सचा माणूस किंवा अग्निशमन दल येऊ द्या, १०१.

दसरा_चौक

बटण कुणीही दाबू शकतं हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं विनाकारण दाबलं तर दंड होतो. आणि सिस्टर, तुमचं वय आणि उंचीचं म्हणणं पटलं. मी माझ्या धाकटीला, ती अडीचची आहे, तसंच चालवत न्यायला लागलो होतो. आता नाही नेणार.

उंबरठा

अशा बोर्ड लावून बटण झाकणाऱ्यांवर काही कारवाई होते का? आपण तक्रार कुणाकडं करायची?

लिफ्टवाला_उचगाव

राज्यात १९३९ चा जुना कायदा होता तो फक्त लिफ्टसाठी. २०१७ च्या कायद्यात लिफ्टबरोबर सरकते जिने आणि सरकत्या वाटाही आल्या. परवाना लागतो आणि तपासणी विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडं असते. तक्रार लेखी करा, फोटो जोडा, तारीख आणि वेळ घाला. पण आधी व्यवस्थापकाला भेटा. बोर्ड हलवायला कायदा लागत नाही, दोन हात लागतात. ब्रशचंही विचारा, ते नंतरही बसवता येतात.

आणि वरच्या-खालच्या टोकाला जमिनीवर जी लोखंडी प्लेट असते, ती पायाखाली डगमगली तर तिच्यावर उभं राहू नका, लगेच कुणाला तरी सांगा. २०१५ च्या जुलैमध्ये चीनमध्ये अशीच सुटी राहिलेली प्लेट एका आईच्या पायाखाली उघडली. तिनं पोराला पुढं ढकललं म्हणून पोरगं वाचलं. ती वाचली नाही. तेव्हापासून मी कुठंही गेलो तरी आधी प्लेटवर पाय दाबून बघतो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी मी एकटीच गेले होते. फाटका क्लॉग पिशवीत घालून नेला आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून बघितला, कुरतडलेल्या जागी अंगठा फिरवला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग माझ्याबरोबर खाली आले आणि बोर्ड स्वतः उचलून भिंतीकडं नेला. ब्रशबद्दल "कंपनीला विचारतो" म्हणाले. मी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. गार्डदादांना दोन्ही बटणं दाखवली. त्यांना ती नोकरीला लागताना कुणी दाखवलीच नव्हती.

काल चिमीला घेऊन गेलो. पायात पट्ट्याचे सँडल. जिन्याजवळ आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मी नाही येत." मी आग्रह केला नाही. सासूबाई म्हणाल्या, "चल गं, आपण दोघी लिफ्टनं." दाराच्या काचेतून ती जिन्याकडं बघत राहिली आणि वर पोचल्यावर मला म्हणाली, "आई, खालचं लाल बटण दिसतंय की आता."

लिफ्टवाला_उचगाव

लई बरं केलंत. बोर्ड परत तिथंच आणून ठेवतात, माझा अनुभव आहे. पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा आणि इथं कळवा. ब्रशचं काय झालं तेही लिहा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

हो दादा. बारसं झालं की जाऊन येते.